कुठे पडलात, ते आधी सांगा

गेल्या महिन्यात मी पडले. वयाला शोभेल अशीच पडले, म्हणजे विशेष काही न करता. बदलापूरच्या मांजर्लीत आमच्या इमारतीत मजल्यावरची लादी नुकतीच पुसलेली होती. दार उघडून दुधाची पिशवी उचलायला वाकले आणि उंबरठ्यावर आडवी झाले. अर्धी घरात, अर्धी सोसायटीच्या जागेत.

सून किंचाळत धावत आली. "आई, कुठे लागलं?"

"ते नंतर बघू," मी म्हटलं. "माझी कंबर उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून ठेव."

सुनेला वाटलं, सासूच्या डोक्याला मार बसला. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र बरोबर समजले. वरच्या मजल्यावरून अनवाणी धावत आले, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओल्या लादीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजी, तुमचा पाय तुमच्या घरातच सरकला हं. मी स्वतः पाहिलं." मजल्याच्या स्लॅबमधून आरपार पाहिलं असणार. कायद्याचं पुस्तक ह्या गृहस्थांनी कधी उघडलेलं नाही, पण पडण्याचा कायदा त्यांना जन्मजात येतो. मला तो शिकायला अर्धी हयात लागली.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या पट्ट्यात मी पडलेल्या लोकांची वकिली केली. जमिनींची वकिली पुरुषांनी वाटून घेतली होती, घटस्फोटाच्या वकिलीत रडणं फार. उरलं ते पडणं. उल्हासनगरच्या बाजारात मला 'गिरनेवाली वकील' म्हणत. गिरणारे दुसरे, पण पदवी मला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पडलं म्हणजे पडलं. हाड मोडलं, दुखलं, संपलं. शरीराचा कायदा तेवढाच आहे. कोर्टाचा कायदा मात्र तुमच्या हाडाकडे पाहतच नाही, तो तुमच्या पायाखाली काय होतं ते पाहतो. समजा, कुणी एक गणपतराव आहेत आणि त्यांचा उजवा पाय मोडलाय. हेच गणपतराव एसटीच्या पायरीवरून पडले तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं. रेल्वेच्या डब्यातून पडले आणि खिशात पास सापडला तर रेल्वेचं वेगळं न्यायाधिकरण, तिथे चूक कुणाची हे फारसं विचारत नाहीत. पास सापडला नाही तर मात्र गणपतराव प्रवासी होते हेच आधी सिद्ध करत बसा. नगरपालिकेच्या उघड्या गटारात पडले तर पालिकेला आधी रीतसर नोटीस द्यायची, मग थांबायचं, मग दिवाणी दावा लावायचा, तोवर गणपतराव लंगडत का होईना चालायला लागलेले असतात आणि पालिकेचा वकील विचारतो, "मग झालं काय तुम्हाला?" अंबरनाथच्या कारखान्यात मशीनवरून पडले आणि विम्याचं कार्ड असलं तर विमा योजनेच्या खिडकीत उभं राहायचं, मालकावर भरपाईचा दावा लावता येत नाही. कार्ड नसलं तर कामगार न्यायालय. आणि स्वतःच्या न्हाणीघरात पडले तर सुनेने तेल चोळायचं. त्याला अपील नाही.

दुखणं सगळीकडे तेच. पाय तोच. फरक आहे तो सिद्ध काय करायचं ह्याचा. दिवाणी कोर्टात समोरच्याची चूक दाखवावी लागते. कामगार भरपाईत चूक दाखवावी लागत नाही. तुम्ही त्याच्या कामावर होतात आणि कामामुळे पडलात एवढं दाखवलं की पुरे. ऐकायला किती सोपं! ह्या 'एवढं'मध्ये माझे केस पांढरे झाले.

वकिली सुरू केली तेव्हा मी पस्तिशीची होते. दोन मुलांचे डबे करून संध्याकाळच्या वर्गांत कायदा शिकलेली, नवीन काळा कोट उन्हाळ्यातही न काढणारी, प्रत्येक वाक्यात 'न्याय' हा शब्द घालणारी बाई. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी फुटपाथ बदलेन. पहिल्याच केसमध्ये तिने काय दिवे लावले पाहा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एक हमाल उभ्या टेम्पोतून कपाट उतरवताना कपाटासकट खाली आला. बाईसाहेबांनी निष्कर्ष काढला, की टेम्पो उभा होता म्हणजे हा वाहन अपघात नव्हे, हा केवळ घसरण्याचा प्रकार. आणि ठोकला दिवाणी दावा. दुकानाचे मालक एक सिंधी काका होते. तारखेला त्यांनीच मला 'अदी', म्हणजे ताई, म्हणत बाजूला घेतलं.

"अदी, टेम्पो मेरा, इन्शुरन्स मेरा, और तुम टेम्पो को छोड के मेरे दुकान के पीछे पडी है? इन्शुरन्सवाले को पकडो ना!"

"टेम्पो तो खडा था," मी म्हटलं, ठसक्यात.

"तो? खडे टेम्पो में माल उतारते हैं, चलते में थोडी उतारेंगे!"

उभं वाहनसुद्धा वापरातच असतं, हे कायद्याने केव्हाच मान्य केलेलं होतं. फक्त मला कुणी कळवलं नव्हतं. दावा मागे घेतला, नवा लावला. ज्याच्यावर दावा लावलाय त्याच्याकडून कायदा शिकणारी त्या भागातली मी पहिलीच वकील असेन. काकांनी वर चहाही पाजला.

असो. मला सांगायचंय ते सुगंधाबद्दल.

सुगंधा बदलापूरजवळच्या चामटोली गावची. बदलापुरात तेव्हा भाताच्या खाचरांत इमारती उगवायला लागल्या होत्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका त्याच खाचरांत पूर्वी लावणी करत आणि आता विटा वाहत. सुगंधाचं काम होतं पाणी मारायचं. नवं प्लास्टर वाळताना तडकू नये म्हणून त्याला दिवसातून दोनतीनदा भिजवावं लागतं. एका शुक्रवारी ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून खाली पडली. जिना होता, कठडा नव्हता. खुब्याचं हाड मोडलं आणि वेडंवाकडं जुळलं. त्या पायावर पुन्हा डोक्यावर घमेलं घेऊन चढणं शक्य नव्हतं.

बिल्डर तिथलेच. त्यांना सगळे शेठ म्हणत. बापाची जमीन विकता विकता दुसऱ्यांच्या जमिनी विकायला शिकलेले. कोर्टात त्यांनी लेखी उत्तर दिलं ते असं: ही बाई आमच्या जिन्यावरून पडली हे खरं, पण शुक्रवारी साइट बंद होती. आमच्याकडे कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, तीच शेठनी साइटलाही लावलेली. त्या दिवशी ती कामावर नव्हती, सेंट्रिंगच्या फळ्या चोरायला आली होती. ती पडली तिथे फळकुटांची मोळी सापडली.

इथे पडण्याचा कायदा किती गमतीदार आहे बघा. जिना तोच, कठडा नाही तो नाहीच, हाड तेच. पाणी मारायला चढली असेल तर मालकाने भरपाई द्यायची, चूक कुणाचीही असो. फळ्या चोरायला चढली असेल तर ती घुसखोर. घुसखोराने दिवाणी कोर्टात जावं, फी भरावी आणि चोराला कठडा का नव्हता ह्यावर म्हातारपणापर्यंत वाद घालावा.

मोळी होती, हे सुगंधाने लपवलं नाही. संध्याकाळी घरी जाताना चुलीसाठी चार फळकुटं न्यायची, ही त्या साइटवरच्या सगळ्या बायकांची रीत. मुकादमच म्हणायचा, "न्या गो, नायतरी जाळायचीच हायेत." आता तो मुकादम शेठच्या दुसऱ्या साइटवर होता आणि त्याला काही आठवत नव्हतं. हजेरीत सुगंधाचं नाव शुक्रवारीच काय, कुठल्याच वारी नव्हतं.

"सुट्टीच्या दिवशी कामाला का गेलीस?" मी विचारलं. तेव्हाची मी असेच प्रश्न विचारत असे.

"भित्तीला शुक्रवार कलतो काय?" ती म्हणाली. "पानी नाय मारला तर तरकते. शेठनी सांगलं व्हतं, येऊन जा म्हनून."

"कुणासमोर सांगितलं?"

"भित्तीसमोर."

मग म्हणाली, "वकीलबाय, पैशांचा काय व्हयाचा तो व्होवो. त्या कागदात चोर लिवलाय तेवढा काढ. गावात बाया आता माझ्यासमोर कोयता पन आत उचलून ठेवतात."

मी तिला न्यायावर एक छोटं भाषण दिलं. तिने ते सहन केलं.

पुरावा म्हणाल तर नव्हता. बायका साक्षीला येईनात, कारण त्यांना त्याच शेठकडे काम होतं. तारखा पडत होत्या. अशात एक दिवस सुगंधाची सासू पारूआजी माझ्या बदलापूरच्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. आजी संतापलेली होती आणि तिला शेठवर दुसरा दावा लावायचा होता.

"कशाबद्दल?"

"कोंबऱ्याबद्दल!"

हकीकत अशी. जागेवर माणूस पडलं, रक्त सांडलं, की तिथला राखणदार, म्हणजे त्या जागेचा देव, खवळतो, अशी आमच्या ह्या भागातली समजूत. त्याला शांत करायला पडलं त्याच ठिकाणी कोंबडा द्यायचा, त्याला राखण म्हणतात. भगत येतो, मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय झालं ते देवाला सांगून माफी मागतो. मग कोंबडा शिजतो, आणि त्यातला पहिला वाटा पडलेल्या माणसाच्या घरी पाठवायचा असतो. सुगंधा इस्पितळात असताना शेठनी गावच्या भगताला, धर्माबाबाला, बोलावून जिन्याखाली राखण दिली होती. साग्रसंगीत दिली. फक्त वाटा पाठवला नाही.

"सून माजी पडली, कोंबरा खाल्ला मुकादमानी!" आजी म्हणाली. "आमच्या घरचा मान गेला. ह्याचा लाव दावा."

ह्यावर त्या काळ्या कोटातल्या विदुषीने काय केलं? तिने पारूआजीला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. विज्ञान, विवेक, मुक्या प्राण्यांचा जीव, सगळं. आजीने शांतपणे ऐकून घेतलं, पदर सावरला आणि जाता जाता म्हणाली, "बाय, तू मटन खात नायस काय?" मी खात होते. आदल्याच रविवारी खाल्लं होतं.

त्या संध्याकाळी घरी मी भाकरी थापायला बसले, आणि तव्यावर भाकरी जळेपर्यंत तशीच बसून राहिले. शेठनी कोर्टाला सांगितलं एक. पण त्या आधी ते आणखी कुणाला तरी काहीतरी सांगून बसले होते, आणि ते मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी धर्माबाबाच्या दारात गेले. बाबा अंगणात सुपल्या विणत बसलेले. मी म्हटलं, साक्षीला या.

"देवाचा काम कोरटात सांगत नाय," ते म्हणाले. "गाऱ्हाना माज्या तोंडातून गेला तरी माजा नाय. ज्याची राखन, त्याचा शब्द."

"बरं, साक्ष नको. नुसतं ठाण्याला येऊन बसाल? कोर्ट सगळ्यांना उघडं असतं."

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते हसले असं मी म्हणणार नाही, पण सुपली बाजूला ठेवली. "ठान्याला जायाचा तर हायेच. नातीला बघायला," म्हणाले.

शेठच्या उलटतपासणीला धर्माबाबा मागच्या बाकावर येऊन बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून, डोळे मिटून. शेजारी पारूआजी. सुगंधा भिंतीला कुबडी टेकून. शेठ पिंजऱ्यात चढले, शपथ घेतली, इकडेतिकडे पाहिलं, आणि बाबांना पाहून त्यांनी उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं.

पहिले चार प्रश्न मी निरुपयोगी विचारले. त्यात मी तेव्हा तरबेज होतेच, मुद्दाम करावं लागलं नाही. मग म्हटलं, "शेठ, तुम्ही साइटवर राखण देता?"

त्यांचे वकील उसळले. "कोंबड्याचा ह्या दाव्याशी काय संबंध?"

न्यायाधीश मूळचे कोकणातले, राखण म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागणार नाही, हे मला माहीत होतं. माझी चलाखी होती ती एवढीच. ते म्हणाले, "आहे की नाही ते कळेल. विचारू द्या."

"देतो," शेठ म्हणाले. "आम्ही देवाला मानणारी माणसं, मॅडम. त्यात काय गुन्हा आहे?"

"मुळीच नाही. काम सुरू करताना राखण कुठे दिली होती?"

"गेटपाशी."

"आणि सुगंधा पडल्यावर?"

"जिन्याखाली. माणूस पडलं तिथंच द्यावी लागते."

"मागच्या पावसाळ्यात तुमच्या साइटवर सळया चोरायला आलेला एक जण पडला होता. तुम्हीच त्याला पोलिसांत दिलंत. त्याची राखण कुठे दिलीत?"

शेठ चिडलेच. "चोराची राखण मी देऊ? काय बोलता मॅडम! त्याचं त्याने बघावं. परक्या माणसासाठी कोंबडा दिला तर देव थोबाडीत मारेल माझ्या. ज्याचं माणूस, त्याची राखण."

"हो ना. मग सुगंधाची तुम्ही का दिलीत?"

पुढे काय झालं ते मी तिखटमीठ लावून अनेकदा सांगितलंय. खरं म्हणजे काहीच झालं नाही. शेठनी वकिलांकडे पाहिलं. त्यांचे वकील उठले, तर न्यायाधीशांनी हातानेच बसायला सांगितलं आणि स्वतः विचारलं, अगदी हळू, गावाकडच्या माणसाशी बोलावं तसं: "गाऱ्हाण्यात काय म्हणालात?"

शेठना खोटं बोलता आलं असतं. शपथ घेऊन आधी ते बोललेच होते, आणि त्यांची झोप उडाल्याचं मला काही दिसलं नव्हतं. पण आता त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. धर्माबाबांनी डोळे उघडले होते. बाकी काही केलं नाही त्यांनी.

"म्हटलं..." शेठ खाली बघत म्हणाले, "महाराजा, माझ्या कामावरची बाई पडली. पोराबाळांची आहे. चूकभूल पदरात घे."

न्यायाधीश इंग्रजीत लिहवून घेऊ लागले. राखण ह्या शब्दाशी स्टेनो अडला. साहेबांनी दोन शब्द सांगितले, दोन्ही खोडले, आणि शेवटी 'राखण' असंच लिहायला सांगितलं.

निकाल बऱ्याच तारखांनंतर आला. भरपाई मिळाली. ती कशी मिळते तेही सांगून टाकते: डॉक्टर तुमच्या शरीराचे टक्के काढतात, वय एका कोष्टकात बघतात, आणि सुगंधा किती शिल्लक आहे ते गणित करून सांगतात. तिचा खुबा त्या गणिताने सरळ झाला नाही. तिला लावणीत पुन्हा वाकता आलं नाही. मी बाकीची वकिली बरी केली असेन, पण ह्या टक्क्यांची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही, आणि झाली नाही हे बरंच.

निकालाची प्रत घेऊन मी तिला म्हटलं, "जिंकलो."

"चोर गेला काय?"

"न्यायाधीशांनी लिहिलंय, कामावर असताना पडली. फळकुटं नेण्याची तिथे मुभा होती, असंही लिहिलंय."

"म्हंजे गेला."

"गेला."

आम्ही बदलापूरला उतरून रिक्षा केली. चामटोलीच्या वेशीशी सुगंधाने रिक्षा थांबवायला लावली. मी म्हटलं, "अगं, दारापर्यंत जाते ही."

"जाऊ दे," ती म्हणाली. "मी चालत जाईन."

दुपारची वेळ होती, बायका दारादारांत तांदूळ निवडत बसलेल्या. ती कुबडीवर भार देत सगळी आळी सावकाश चालली. कुणी काही विचारलं नाही. एका दारात पाटावर कोयता पडला होता; तो कुणी उचलला नाही. पारूआजी मागून माझ्याबरोबर येत होती, आणि काळ्या कोटातली ती बाई, जिला दर दोन मिनिटांनी भाषण सुचायचं, ती त्या दिवशी घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

ह्यातून शेठ काहीच शिकले नाहीत असं कुणी म्हणेल, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यानंतर त्यांनी बदलापुरात पुष्कळ टॉवर उभे केले. काम चालू असताना जिन्यांना कठडे अजूनही नसतात. पण भगत त्यांनी लगेच बदलला. नवा भगत गाऱ्हाणं मनातल्या मनात घालतो म्हणे.